सोमवारचा धूर

तळ्याकाठून, शनिवार सकाळ,
सप्टेंबर संपत आला

प्रिय ऐनोताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, रुडीचा, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेने गुडघेदुखी पळून गेली असं तू दर पत्रात लिहितेस आणि त्याच पत्रात गुडघ्यांवर आणखी एक पानही लिहितेस, तेव्हा नक्की काय पळालं ते एकदा कळव. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. मार्लिसला डाव्या कानाने आता अजिबात ऐकू येत नाही, म्हणून जेवताना मी तिच्या डाव्या बाजूला बसतो. (हे तिला कळवू नकोस. अर्थात माझी पत्रं पाकिटात जाण्याआधी ती वाचतेच, त्यामुळे तिला कळलं आहे असंच धर.) मेपलची झाडं लाल झाली आहेत, तळ्यावर सकाळी वाफ दिसते, आणि आपल्या होडीला पुन्हा तिथेच भोक पडलं आहे जिथे बाबा दर वर्षी डांबर लावायचे.

पत्राला कारण आहे, पण ते मी शेवटी लिहिणार. कारण आधी कळलं की तू पुढचं वाचत नाहीस, हा माझा लहानपणापासूनचा अनुभव आहे.

तर तुझं मार्चमधलं पत्र. ते मी इतक्या वेळा वाचलं की त्याच्या घड्या फाटल्या. तू लिहिलं होतंस, जागा अर्धी तुझी, अर्धी माझी, आणि शिकागोचा एक गृहस्थ तळ्याकाठी बंगले बांधायला ती विकत मागतो आहे. 'रुडी, तिथे आता उरलंय कोण? उद्या तू न्हाणीत पडून मेलास तर कुणाला कळणारसुद्धा नाही. इथे माझ्या गळ्यात बटण आहे. दाबलं की माणसं धावत येतात.' आणि मग तुझ्या नेहमीच्या मोठ्या मनाने: 'एक उन्हाळा देते. जागा कमावती आहे असं दाखव. नाही जमलं तर विकून टाकू आणि तुम्ही दोघं इकडे या.' ताई, मी ते पत्र वाचून धक्क्यावर जाऊन बसलो. धक्क्याच्या फळ्यांवर तू खिळ्याने कोरलेलं तुझं नाव अजून आहे. माझं नावही तूच कोरलंस, तेही चुकवून.

मी केंड्राला फोन केला. माझी मुलगी मिनिॲपोलिसला राहून काय काम करते हे मला आजवर समजलेलं नाही, पण ती सगळ्यांना सल्ले देते आणि लोक तिला त्याचे पैसे देतात, एवढं माहीत आहे. ती म्हणाली, "बाबा, कॅम्पग्राउंड जुनं झालं. आता ग्लॅम्पिंग." आता ग्लॅम्पिंग म्हणजे काय, ते तुला सांगतो. माणूस घराला कंटाळून तंबूत जातो आणि तंबूत गेल्यावर घर मागतो. ते आपण त्याला तंबूत द्यायचं. पलंग, गादी, लोकरी गालिचा, बॅटरीवर चालणारं झुंबर (हो, झुंबर, मार्लिस त्याच्याखाली उभी राहून बराच वेळ हसली), आणि पांढरे टॉवेल. टॉवेलांबद्दल केंड्रा फार कडक होती. जाड, पांढरेशुभ्र, माणशी चार. एका माणसाला चार ठिकाणी पुसण्यासारखं काय असतं मला माहीत नाही, पण खोकी भरभरून टॉवेल आले आणि बाबांच्या होडीच्या खोपटात छपरापर्यंत रचले गेले.

ते चकचकीत तंबू उभे राहिले तेव्हा मला आपल्या वेळचे तंबू फार आठवले. खाण बंद पडल्यावर बाबांनी झाडी साफ करून जागा केल्या आणि डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतली कुटुंबं दर जुलैला येऊ लागली. ते हिरवे कॅनव्हासचे तंबू, मेणाचा, रॉकेलचा आणि तळलेल्या माशांचा वास. डोम्ब्रोव्स्की मंडळींचा तंबू आठवतो? मधला खांब वाकडा, त्यामुळे दर पावसात बरोबर आजीबाईंच्या डोक्यावर पाणी. बाबा दर वर्षी म्हणायचे, खांब मी नवा करून देतो, आणि डोम्ब्रोव्स्की दर वर्षी म्हणायचा, नको, आजीला सवय झालीय. तू त्याच्या थोरल्या मुलाला मासे साफ करायला शिकवायचीस. एक मासा साफ करायला तुम्हा दोघांना अख्खी दुपार लागायची. मी झाडावरून बघायचो. (आईने मला तिथे बसवलेलं होतं, आता सांगायला हरकत नाही.) तेव्हा कुणी 'अनुभव' मागत नसे. लोक येत, भिजत, डास मारत, आणि पुढच्या वर्षीची तीच जागा धरून ठेवायला सांगून जात.

नवे पाहुणे वेगळे. एका बाईंनी मला विचारलं की फोटोत दिसतं ते धुकं साधारण किती वाजता सुरू करता? मी म्हटलं, पहाटे. त्या म्हणाल्या, जरा नाश्त्यानंतर नाही का जमणार? तरी मी कुणाला काही बोललो नाही, तुला हे खरं वाटणार नाही, पण मार्लिसला विचार.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. केंड्राने आपल्या जागेचं जे पान इंटरनेटवर टाकलं, त्यात तिने लिहिलं, 'तळ्याकाठी खासगी फिनिश सौना'. सौना आहे, तळ्याकाठी आहे, फिनिश तर आहेच. 'खासगी' या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही. जाणार कसं? बाबांनी घराच्या आधी तो सौना बांधला. त्या काळवंडलेल्या लाकडी खोपटाला, त्यातल्या पाणी टाकलं की वाफ सोडणाऱ्या तापलेल्या दगडांना आणि दोन बाकांना उभ्या आयुष्यात कधी कुलूप लागलेलं नाही. तू तर त्यातच जन्मलीस. माझ्या वेळी आईला दवाखान्यात नेलं, म्हणून तू मला शाळा सुटेपर्यंत 'विकत आणलेला' म्हणायचीस. आणि शनिवारी आपल्या धुराड्यातून धूर निघाला की तेच बोलावणं. फोन नाही, निरोप नाही. तळ्याभोवतीच्या घरांनी धूर बघायचा, टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि यायचं. आधी सौना, मग तळ्यात उडी, मग आईच्या हातची कॉफी आणि निसू. तो वेलदोड्याचा पाव भाजल्याचा वास वाऱ्यावर गेला की धूर दिसला नाही तरी लोक येत.

पण वार चुकवून धूर निघाला तर? तर त्याचा अर्थ वेगळा. बाळंतपण, नाहीतर मरण. दोन्हीला कढत पाणी लागतं. आणि गेल्या कित्येक वर्षांत या तळ्याकाठी कुणी बाळंत झालेलं नाही.

तुला तो सोमवार आठवतो ना? आई पहाटे गेली. बाबा बाहेर गेले आणि त्यांनी चूल पेटवली. तू खिडकीशी उभी होतीस, तू विचारलंस, "बाबा, आज कशाला?" आणि ते लाकडं घालत राहिले. आपण कुणालाही कळवलं नव्हतं. दगड तापायच्या आत सगळं तळं अंगणात उभं होतं, काळे कपडे घालून, हातात झाकलेली भांडी घेऊन. बाबांच्या खाणीतल्या जोडीदाराने, ओन्नीने, त्यांच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली आणि उरलेली लाकडं स्वतः फोडली. मी तेव्हा रडलो नव्हतो. आत्ता हे लिहिताना मात्र चष्मा दोनदा पुसला, ते इथे लिहूनच टाकतो.

जुलैमध्ये शिकागोहून एक जोडपं आलं, प्रेस्टन आणि डेलेनी. नुकतं लग्न झालेलं, स्वभावाने गोड, आणि सतत थकलेलं. सोमवारी सकाळी पाऊस पडून गेला आणि प्रेस्टनने विचारलं, सौना मिळेल का? मी म्हटलं, का नाही! त्याला बर्चची लाकडं दाखवली, हवेची झडप दाखवली, दगडांवर पाणी बेताने टाकायला सांगितलं. सगळं सांगितलं. एवढंच सुचलं नाही की आज सोमवार आहे. पाहुण्यांना वार नसतो ना, ताई. ते आले की रोज रविवार.

चूल पेटवून मी धक्क्याखाली गेलो. एक खांब कुजला होता, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मी तो बदलत होतो. मार्लिस कानाच्या मशीनसाठी गावात गेली होती. घराला नेहमीप्रमाणे कडी नव्हती. टेबलावर माझी अर्धी प्यालेली कॉफी, खुंटीवर माझी टोपी, दारात माझे बूट. आता तूच सांग, तळ्यापलीकडून सोमवारचा धूर बघून धावत आलेल्या माणसाने यातून काय समजायचं?

ओन्नी सगळ्यात आधी आला. आता नव्वदीला टेकलाय, डोळ्यांत मोतीबिंदू. त्याने काळा कोट घातला होता, इस्त्री केलेला. (हा कोट त्याने स्वतःसाठी राखून ठेवलाय असं तो गेली वीस वर्षं सांगतोय.) मागून निसू घेऊन सिल्विया, बटाट्यांचं भलं मोठं भांडं घेऊन एल्मर पेल्कोला आणि त्याची बायको, आणि मग बाकी सगळे. घरात कुणी नाही, कॉफी गार झालेली. त्यांनी समजून घेतलं की मी गेलो, आणि मार्लिस सौनामध्ये मला शेवटची आंघोळ घालते आहे. सिल्वियाने आईचे चांगले कप काढून कॉफी चढवली आणि सगळे सौनासमोरच्या गवतात रांगेने उभे राहिले.

आंघोळीला हात लावायचा मान सगळ्यात वडीलधाऱ्याचा. ओन्नीने हॅट काढली आणि तो आत गेला. आत काय होतं? डेलेनी मागच्या दाराने तळ्यात डुंबायला गेलेली, आणि वरच्या बाकावर प्रेस्टन उताणा, डोळे मिटून, तोंडावर केंड्राचा पांढरा टॉवेल. मार्लिस पाणी आणायला गेली असेल असं धरून ओन्नी खालच्या बाकावर बसला आणि त्याच्याशी, म्हणजे माझ्याशी, बोलू लागला.

ताई, ओन्नी बोलतो का? शनिवारी संध्याकाळभर बसून तो "तापलंय" आणि "निघतो" एवढंच बोलणारा माणूस. त्या दिवशी तो बोलतच सुटला. प्रेस्टन बिचारा हलला नाही. त्याला वाटलं हे सगळं पैशांत धरलेलं आहे. (ओन्नी फिनिशमध्ये बोलला असता तर त्याला काही कळलं नसतं, पण तुझ्या-माझ्याशी ओन्नी इंग्रजीतच बोलतो. आपलं फिनिश त्याला ऐकवत नाही.) त्यामुळे तो काय बोलला ते मला प्रेस्टनकडूनच कळलं. ओन्नी साफ नाकबूल करतो.

म्हणाला म्हणे, "रुडी, तुला चूल कधी धड पेटवता आली नाही. ओली लाकडं घालायचास. तुझा बाप डोळे मिटून पेटवायचा. मासेही तुला मिळायचे नाहीत, पण ते जाऊ दे. माझी इल्मी गेली तेव्हा मी तीन हिवाळे दर शनिवारी इथे आलो. अंगाला काय, घरी पाणी होतं मला. तू मला एकदासुद्धा विचारलं नाहीस, कसा आहेस म्हणून. वरच्या बाकावर सरकायचास नुसता. बरं केलंस."

आणि मग तो टॉवेलवर हात ठेवून बसून राहिला. प्रेस्टन सांगत होता की टॉवेलाच्या आत तो रडत होता आणि रडणं ऐकू जाऊ नये म्हणून श्वास धरून होता, म्हणजे ओन्नीच्या दृष्टीने तो आणखीच मेलेला.

एवढ्यात मी धक्क्याखालून वर आलो. बघतो तर गवतात काळे कपडे घातलेली रांग, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे, आणि जुनं फिनिश स्तोत्र चाललेलं, आईच्या वेळी म्हटलं होतं तेच. मी चिखलाच्या पायांनी हळूच मागे जाऊन उभा राहिलो आणि सिल्वियाच्या कानाशी विचारलं, "कोण गेलं गं?"

तिने मान न वळवता सांगितलं, "रुडी."

ताई, शपथेवर सांगतो, मला क्षणभर वाईट वाटलं. मी मानसुद्धा खाली घातली. मग सिल्वियाला काय वाटलं कोण जाणे, तिने वळून बघितलं. आधी तिने किंकाळी मारली आणि मग हातातल्या टॉवेलाने मला बदडायला सुरुवात केली. "मेल्या! जिवंत आहेस तर सांगायचं नाही का? सकाळपासून रडतेय मी! तीन पाव भाजले तुझ्यासाठी!" एल्मर पेल्कोला तर चक्क नाराज दिसला. म्हणाला, "म्हणजे बटाटे परत न्यायचे का?" आणि त्याच वेळी मागच्या दाराकडून डेलेनी ओलीचिंब होऊन आली, तिला दिसलं ते असं की तिचा नवरा आत आहे, बाहेर अख्खं गाव काळे कपडे घालून उभं आहे आणि एक म्हातारी एका म्हाताऱ्याला मारते आहे. ती पोर ओरडत आत धावली. ओन्नी बाहेर आला, त्याने मला पाहिलं, हॅट घातली आणि म्हणाला, "तापलंय."

मग काय, तापलंच होतं तर सगळे आत गेले. वरच्या बाकावर आम्ही खेटून, आणि मधोमध प्रेस्टन-डेलेनी, चार-चार टॉवेल गुंडाळून. सिल्वियाने डेलेनीच्या पाठीला रिवाजाप्रमाणे बर्चच्या पाल्याने चोपलं. दोघं तळ्यात उड्या मारून आली, अंगणात बसून त्यांनी बटाटे संपवले, निसू संपवला, माझ्याबद्दल चांगलं काय काय बोलणार होता ते एकेकाला विचारून घेतलं. (चारच जणांनी काही ठरवलं होतं. मी नावं लक्षात ठेवली आहेत.) मार्लिस गावातून आली, तिने अंगणात सगळे काळे कपडे बघितले, जेवण बघितलं, आणि एवढंच म्हणाली, "सासूबाईंचे चांगले कप कुणी काढले?"

मला वाटलं, आता हे जोडपं पैसे परत मागणार. पण त्यांनी इंटरनेटवर आपल्या जागेच्या पानावर लिहिलं की इथे खासगीपणा अजिबात नाही, अनोळखी माणसं केक घेऊन आत शिरतात, जिवंत निघालेल्या माणसासाठी आपण एवढं कधी रडलो नव्हतो, आणि जाणार असाल तर सोमवारीच जा.

आणि लोक सोमवारच मागू लागले! केंड्रा आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. तिने 'सोमवारचा सौना' असं नाव देऊन भाव चढवला. सगळे तंबू भरले. आणि आपली मंडळी? तुला वाटेल, त्यांना अपमान वाटला असेल. छे! सिल्वियाने नवी काळी हॅट आणली. एल्मरने बटाट्यांत चीज घालायला सुरुवात केली, आणि मरायचा मान एकदा मलाही द्या म्हणून माझ्यामागे लागला. पुढचे दोन सोमवार मी स्वतः वरच्या बाकावर पडून राहिलो आणि माझ्याबद्दल चांगलं ऐकलं. सवय लागते गं. जागा कमावती झाली होती, ताई. तुला मी तेव्हाच पत्र लिहायला घेतलं होतं, फुशारकीचं.

मग तिसरा सोमवार. पाहुणे गवतात फोन धरून उभे होते. ओन्नी आला, काळ्या कोटात, हळूहळू, काठी टेकत. आधीचे दोन सोमवार तो आला नव्हता. त्याला बरं नव्हतं आणि त्याला कुणी काही सांगितलंही नव्हतं. दारात येऊन त्याने हॅट काढली आणि विचारलं, "कोण गेलं?"

एल्मर हसून म्हणाला, "कोणी नाही रे ओन्नी! आज धंदा आहे."

ओन्नीने धुराड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मग खरं असेल त्या दिवशी काय पेटवणार?" आणि हॅट घालून परत गेला. कॉफी न घेता. ताई, आपल्या आयुष्यात ओन्नी आपल्या अंगणातून कॉफी न घेता गेलेला तुला आठवतो का? मला नाही आठवत. मी त्याच्या मागे तळ्याच्या वळणापर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो.

त्याच दुपारी मी केंड्राला सांगितलं, सोमवार बंद. ती म्हणाली, "बाबा, सगळा नफा सोमवारातच आहे!" मी म्हटलं, असू दे. ती म्हणाली, आत्याला काय दाखवणार? मी म्हटलं, बघू. ती फोनवर रडली, मग मी रडलो, मग मार्लिसने फोन घेऊन दोघांनाही झापलं. सोमवारवाल्यांचे पैसे परत गेले. धूर आता फक्त शनिवारी निघतो, जसा निघायचा तसा. सिल्वियाची हॅट वाया गेली म्हणून ती माझ्याशी अजून धड बोलत नाही. ओन्नी मात्र पुढच्या शनिवारी आला, खालच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "ओली लाकडं."

तर हा माझा उन्हाळा. तू म्हणालीस जागा कमावती आहे असं दाखव, ते मी दाखवलं आणि आपल्याच हाताने मोडलं. आता अर्धी जागा तुझी आहे, तुला जे ठीक वाटेल ते कर. मी भांडणार नाही. मी फक्त एवढंच सांगेन की 'मेलास तर कुणाला कळणारसुद्धा नाही' हे तुझं चुकलं. मी मेलो नव्हतो तरी सगळ्यांना कळलं.

मार्लिसचा तुला नमस्कार. तुझ्या शेजारच्या त्या सेवानिवृत्त गोल्फवाल्याला माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझा विकत आणलेला भाऊ,
रुडी

ता. क. आईच्या निसूत वेलदोडा किती आणि तो कुटायचा की भरडायचा, हे तुला एकटीला माहीत आहे. सिल्वियाचा पाव कोरडा होतो. (हे तिला कळवू नकोस. तिचा कान चांगला आहे.) लिहून पाठवू नकोस, तुझं प्रमाण नेहमी 'हाताला येईल तेवढं' असतं. समोर बसून करून दाखवावं लागेल.

आणखी एक. मार्लिसने पत्र वाचलं आणि ती म्हणते, खोटारड्या, तिला खरं सांग. तर खरं असं आहे की पुढच्या वर्षीचे सगळे शनिवार आत्ताच भरले आहेत. केंड्राने पानावरचं 'खासगी' खोडून 'शेजाऱ्यांसह' लिहिलं, आणि त्यालाच जास्त लोक येतात. प्रेस्टन आणि डेलेनी जुलैला येणार आहेत, तीच जागा धरून ठेवायला सांगून गेली आहेत. तेव्हा जागा कमावती आहे. वर लिहिलं नाही, कारण तू ती पैशांसाठी ठेवावीस असं मला नको होतं.

शेवटचं, म्हणजे पत्राचं कारण. फेब्रुवारीत तू न्हाणीत पडलीस आणि दुसऱ्या दिवशी सफाईवाली येईपर्यंत फरशीवर पडून होतीस, हे मला केंड्राने या आठवड्यात सांगितलं. बटण तू आंघोळीला जाताना आरशाजवळच्या खुंटीला अडकवलं होतंस. त्यानंतर महिन्याभराने तू मला ते मार्चचं पत्र लिहिलंस. न्हाणीत पडून कोण मरेल याची ती काळजी माझ्यासाठी नव्हती, ताई, तुझ्या स्वतःसाठी होती, आणि मला मूर्खाला ती आत्ता समजली. जागा विक किंवा ठेव, पण तू घरी ये. वरच्या बाकावर भिंतीकडचा कोपरा तुझाच आहे. तिथे दुसरं कुणी बसलं तर ओन्नी नुसता बघतो, आणि ते माणूस आपोआप सरकतं. आज शनिवार आहे, मी सकाळीच चूल पेटवली आहे, कोरडी लाकडं घालून. धूर सरळ वर चाललाय. ॲरिझोनातून तो दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहिलं. टॉवेल आणू नकोस, इथे खूप आहेत.